बिशपांच्या किल्ल्यातला मुक्काम : सिग्वेन्सा येथील पारादोर

स्पेनमधल्या सिग्वेन्सा गावच्या पारादोरमध्ये, म्हणजे किल्ल्यात थाटलेल्या सरकारी हॉटेलात, खोली घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच जाणून घेतलेली बरी. ज्या किल्ल्यात तो राहणार आहे, त्याच्या तटाला आणि बुरुजांना मध्ययुगाचा वारसा असला, तरी आतली दालने, छपरे, जिने आणि खोल्या बहुतांशी १९७०च्या दशकात नव्याने उभारलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या फौजांनी या वास्तूची नासधूस केली, पुढे ती राजगादीच्या वारशावरून झालेल्या कार्लिस्ट युद्धांत सापडली, तिचा बराकीसारखा वापर झाला, आणि १९३६ च्या यादवी युद्धानंतर तर पडक्या भिंतींखेरीज तिथे सांगण्यासारखे फारसे उरले नव्हते. हे ऐकून काही प्रवाशांचा हिरमोड होतो. माझे मत मात्र वेगळे आहे. हा मुक्काम घ्यावा तो किल्ल्याच्या जुनेपणासाठी नव्हे, तर किल्ल्याच्या दारातून खाली कॅथीड्रलपर्यंत, म्हणजे बिशपाच्या मुख्य चर्चपर्यंत, उतरणाऱ्या रस्त्यासाठी. या दोन टोकांच्या मधल्या उतारावर स्पेनमधल्या एका छोट्या गावाचा नऊशे वर्षांचा इतिहास जितका सलगपणे पाहायला मिळतो, तितका तो भल्याभल्या संग्रहालयांतही मिळत नाही.

पारादोर ही स्पेनच्या सरकारी मालकीची हॉटेलांची साखळी आहे. राजा तेरावा अल्फोन्सो याच्या कारकिर्दीत, १९२८ मध्ये, ग्रेदोसच्या डोंगरात तिचे पहिले हॉटेल उघडले. पुढे मोडकळीस आलेले किल्ले, मठ आणि वाडे दुरुस्त करून त्यांत पाहुण्यांची सोय करायची, म्हणजे वास्तूही टिकते आणि आडबाजूच्या गावात चार माणसे येतात, हा विचार या साखळीचा कणा ठरला. आज देशभर अशी नव्वदहून अधिक हॉटेले आहेत. सिग्वेन्साचे पारादोर त्यांतले आकाराने मोठे आहे. गाव मात्र लहान आहे. लोकसंख्या जेमतेम पाच हजारांच्या घरात. माद्रिदच्या ईशान्येला सुमारे १३० किलोमीटरवर, ग्वादालाहारा प्रांतात, एनारेस नदीच्या वरच्या खोऱ्यात ते वसले आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची हजार मीटरच्या आसपास असल्यामुळे हिवाळा इथे कडक असतो आणि उन्हाळ्यातही रात्री अंगावर काहीतरी घ्यावे लागते.

वेगवान आवे गाड्या या गावाला टाळून दुसऱ्या मार्गाने जातात. इथे येते ती माद्रिदहून निघणारी साधी प्रादेशिक गाडी, आणि तिला सुमारे दीड तास लागतो. स्टेशन नदीकाठी अगदी खाली आहे, किल्ला अगदी वर, आणि मधली चढण चांगलीच दमवणारी आहे. सामान जड असेल तर टॅक्सी घ्यावी. पण शक्य असेल त्याने पहिल्यांदा पायीच चढावे, कारण गावाची रचना पायांना आधी कळते : सर्वांत खाली रेल्वे आणि एकोणिसावे शतक, त्याच्या वर अठराव्या शतकातली सरळ, आखीव वस्ती, मग कॅथीड्रल आणि चौक, मग अरुंद गल्ल्यांचे मध्ययुगीन गाव आणि माथ्यावर किल्ला.

या माथ्याचे महत्त्व फार जुने आहे. रोमनांच्या आधी या परिसरात केल्टिबेरियन लोकांतल्या अरेवाकी जमातीचे सेगोन्तिया हे ठाणे होते. रोमन सेनानी काटो याने इसवी सनपूर्व १९५ मध्ये त्यावर चाल केल्याचा उल्लेख रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथात येतो, आणि रोमन लेखक थोरल्या प्लिनीने अरेवाकींच्या गावांत त्याची गणना केली आहे. रोमन काळात मेरिदाहून सारागोसाकडे जाणाऱ्या राजमार्गावरचा हा एक टप्पा होता. रोमनांनंतर आलेल्या व्हिसिगॉथ या जर्मेनिक लोकांच्या राज्यात गावाला बिशप मिळाला. तोलेदोच्या ज्या तिसऱ्या धर्मसभेत, ५८९ मध्ये, राजा रेकारेदो आणि त्याच्या प्रजेने कॅथॉलिक पंथ स्वीकारल्याचे जाहीर केले, त्या सभेला सिग्वेन्साचा बिशप प्रोतोहेनेस हजर होता. आठव्या शतकात मुस्लिम सत्ता आली आणि माथ्यावर गढी उभी राहिली, पण त्या काळात या सरहद्दीचे खरे लष्करी केंद्र जवळचे मेदिनासेली होते आणि सिग्वेन्सा त्याच्या सावलीत राहिले. या सगळ्या कालखंडांतले डोळ्यांना दिसेल असे गावात फार थोडे उरले आहे. म्हणून पाहुण्याने त्यात फार गुंतून पडू नये, असे मला वाटते. आज आपण जे गाव पाहतो, ते घडायला ११२४ मध्ये सुरुवात झाली.

त्या वर्षीच्या जानेवारीत, संत विसेन्तेच्या दिवशी, बेर्नार्दो दे आहेन या बिशपाने फौज घेऊन हे ठाणे मुस्लिमांकडून जिंकले. हा बेर्नार्दो मूळचा फ्रान्समधल्या अक्वितेन प्रांताचा आणि तिथल्याच क्लूनी या मठाच्या परंपरेतला. तोलेदोचा आर्चबिशपही तेव्हा फ्रेंचच होता, आणि त्याने आपल्या विश्वासातली माणसे नव्याने जिंकलेल्या किंवा जिंकायच्या धर्मप्रांतांवर नेमली होती. बेर्नार्दोला बिशपपद मिळाले ते गाव हाती येण्याच्या आधी. म्हणजे पद आधी आणि धर्मप्रांत नंतर, असा हा क्रम होता, आणि तो धर्मप्रांत त्याला तलवारीने मिळवावा लागला. पुढे राजा सातवा अल्फोन्सो याने ११३८ पासून दिलेल्या सनदांमुळे काही वर्षांतच खालची वस्ती, वरचे गाव आणि किल्ला या सर्वांचे स्वामित्व बिशपांकडे आले. धर्मगुरूही तेच आणि जहागीरदारही तेच. न्याय त्यांचा, कर त्यांचा, पहारा त्यांचा. ही व्यवस्था अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे साडेसहाशे वर्षांच्या आसपास टिकली. आपण ज्या इमारतीत चावी घेऊन खोलीकडे जातो ती या बिशप-सरदारांची राहती जागा होती, हे एकदा मनात पक्के बसले की गावातला प्रत्येक दगड त्याच्या योग्य जागी दिसू लागतो.

किल्ल्याचे प्रवेशद्वार दोन जुळ्या बुरुजांच्या मधे आहे. आत गेल्यावर प्रशस्त दगडी चौक लागतो, त्यात विहीर आहे, आणि चारही बाजूंनी हॉटेलच्या खिडक्या आहेत. पुनर्बांधणी करणाऱ्यांनी इथे एक शहाणपणाचा निर्णय घेतलेला दिसतो : त्यांनी बाहेरचा आकार आणि चौकाची मोकळीक जपली, पण आतल्या भागाला कृत्रिमपणे झिजवून जुने भासवण्याचा उद्योग केला नाही. लाकडी तुळया, जाड दरवाजे, लोखंडी दिवे, भिंतींवरची गालिचेवजा चित्रे आणि कोपऱ्यांतली चिलखते हा सरंजाम सगळ्या ऐतिहासिक पारादोरांत कमीअधिक असतोच. तो इथेही आहे आणि त्याला मी फार गुण देणार नाही. ज्याला खरोखर दाद द्यावी ते सिंहासनाचे दालन. बिशप ज्या दालनात दरबार भरवीत आणि न्याय देत, त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही लांबरुंद जागा आज बैठकीची खोली म्हणून वापरली जाते. तिथे कोणीही पाहुणा कॉफीचा पेला घेऊन तासभर वाचत बसू शकतो, त्याला कोणी उठवत नाही. शिवाय किल्ल्यात रोमनेस्क घाटाचे, म्हणजे जाड भिंती आणि अर्धगोल कमानींचे, एक छोटे चॅपेल आहे. ते आवर्जून उघडून पाहावे, कारण या वास्तूत मूळ मध्ययुगीन कामाशी इतकी जवळीक अन्यत्र साधत नाही.

खोल्या ऐसपैस आणि शांत आहेत. भिंती जाड असल्यामुळे शेजारच्यांचा आवाज येत नाही, आणि थंडीच्या दिवसांत ऊब चांगली राहते. काही खिडक्या गावाच्या कौलांकडे उघडतात, काही चौकात, तर काही बाहेरच्या उजाड टेकड्यांकडे. दर हंगामानुसार आणि वारानुसार बदलतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत साधारण शंभर युरोंच्या आसपास खोली मिळू शकते आणि सुट्यांच्या दिवसांत आकडा बराच वर जातो. गावात याहून स्वस्त आणि नेटकी निवासस्थाने आहेत, हेही सांगायला हवे. मग इथे जास्त पैसे का द्यावेत? तर सकाळी खिडकी उघडल्यावर खाली उतरत गेलेली कौले आणि त्यांच्या पलीकडे कॅथीड्रलचे दोन चौकोनी, दातेरी माथ्यांचे मनोरे दिसतात. बिशप एका ठिकाणी राहत आणि दुसऱ्या ठिकाणी पूजा करीत. दोन्ही ठिकाणे किल्ल्यांसारखीच बांधलेली आहेत. हे नाते नकाशावर कळत नाही, ते वरूनच पाहावे लागते.

किल्ल्याच्या इतिहासातल्या ज्या व्यक्तीचे नाव पाहुण्यांच्या कानावर सर्वांत आधी पडते, ती म्हणजे ब्लांका दे बोर्बोन. कास्तियाचा राजा पहिला पेद्रो याच्याशी या फ्रेंच राजकन्येचे लग्न १३५३ मध्ये झाले. लग्नानंतर अवघ्या काही दिवसांत राजाने तिला सोडले आणि तो आपल्या प्रेयसीकडे, मारिया दे पादिया हिच्याकडे, परतला. राणीच्या बाजूने सरदार उठले, तेव्हा राजाने तिला एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात कैदेत ठेवले; त्यांतली काही वर्षे तिने सिग्वेन्साच्या या किल्ल्यात काढली. १३६१ मध्ये, कैदेतच, दक्षिणेत तिचा अंत झाला, तेव्हा ती विशीच्या आसपासची होती. तिचा आत्मा किल्ल्यात फिरतो अशी दंतकथा सांगितली जाते आणि पाहुण्यांना ती आवडते. मला मात्र या कथेपेक्षा साधी हकीकत जास्त अस्वस्थ करते. परक्या देशात आलेल्या एका तरुण मुलीला तिच्या नवऱ्याने इथे डांबून ठेवले होते, आणि किल्ल्याचे धनी असलेल्या बिशपांच्या वास्तूचा राजाने तुरुंग केला होता.

जेवणाविषयी थोडक्यात. पारादोरांची स्वयंपाकघरे त्या त्या प्रदेशाचे पदार्थ देण्यावर भर देतात आणि इथेही लसणाचे सूप, शिळ्या पावाच्या चुऱ्यापासून केलेले मिगास, भट्टीत भाजलेले करडू आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले तित्तर हे कास्तियाच्या पठारावरचे अन्न मिळते. न्याहारी भरपूर असते. रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. ती या देशाची रीत आहे. शाकाहारी पाहुण्याला मात्र पर्याय मोजकेच मिळतात, आणि मिगास किंवा सूप मागवतानाही त्यात डुकराचे मांस आहे का, हे विचारून घ्यावे. गावाच्या आकाराच्या मानाने इथली पाककला नावाजलेली आहे. गावातले एक आणि जवळच्या अल्कुनेसा खेड्यातले एक अशा दोन उपाहारगृहांना मिशेलिनचा तारा मिळालेला आहे. ज्याला खिसा परवडतो त्याने एक रात्र तिकडे जेवावे आणि उरलेल्या रात्री किल्ल्यात किंवा चौकातल्या साध्या जागी.

आता खाली उतरू. किल्ल्यासमोरून निघणारा काये मायोर हा रस्ता सरळ कॅथीड्रलकडे उतरतो, आणि त्याला आडव्या जाणाऱ्या त्राबेसान्या आल्ता आणि त्राबेसान्या बाहा या दोन गल्ल्या म्हणजे जुन्या गावाचा गाभा. इथेच बाराव्या शतकातली सान्तियागो आणि सान विसेन्ते ही दोन रोमनेस्क चर्चे आहेत, इथेच ज्यू वस्ती होती, आणि इथेच जुन्या तटाच्या वेशी अजून उभ्या आहेत. सान विसेन्तेसमोर आर्से घराण्याचा दातेरी माथ्याचा दगडी वाडा दिसतो. या घराण्यातल्या एका तरुणाची गाठ पुढे पडायची आहे. रस्ता संपतो तिथला प्लासा मायोर हा चौक पंधराव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा याने आखून घेतला. हा मेंदोसा राणी इसाबेला आणि राजा फर्नांदो यांच्या दरबारात इतका वजनदार होता, की लोक त्याला स्पेनचा तिसरा राजा म्हणत. तोलेदोचे आर्चबिशपपद मिळाल्यावरही त्याने सिग्वेन्साचे बिशपपद सोडले नाही, यावरून या छोट्या धर्मप्रांताचे उत्पन्न किती असेल याची कल्पना येते. त्या उत्पन्नाचा मोठा वाटा मिठातून येत असे. जवळच्या इमोनच्या मिठागरांत खाऱ्या झऱ्यांचे पाणी उथळ वाफ्यांत सुकवून मीठ काढीत, आणि समुद्रापासून इतक्या दूर पठारावर मिठाला सोन्याचे मोल होते. चौकाच्या एका बाजूला कमानींची ओळ, एका टोकाला डीनांच्या, म्हणजे कॅथीड्रलच्या प्रमुख पाद्र्यांच्या, जुन्या वाड्यातले आजचे नगरपालिका-भवन, आणि समोर कॅथीड्रलचे बाजाराकडचे दार. मोजून-मापून केलेल्या या जागेत संध्याकाळी गावातली मुले चेंडू खेळतात, आणि इथल्या कॉफीचा दर किल्ल्यापेक्षा बराच कमी आहे.

कॅथीड्रल पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते. त्यासोबत ध्वनिमार्गदर्शक घ्यावा आणि किमान दोन तास हाताशी ठेवावेत. माद्रिदहून एका दिवसात तीन-तीन गावे दाखवणाऱ्या सहली इथे अर्ध्या तासात आटोपतात. तशा सहलीने येण्यापेक्षा न आलेले बरे. बाराव्या शतकात सुरू झालेले हे बांधकाम रोमनेस्क पद्धतीने निघाले आणि टोकदार कमानींच्या गॉथिक पद्धतीत वाढले. जाड खांब, उंच मधले दालन, बाहेरून तटबंदीसारखा कठोर चेहरा. आतले वैभव अनेक शतकांचे आहे : बिशप फाद्रिके दे पोर्तुगाल याने उभारलेली संत लिब्रादाची वेदी आणि तिच्याशेजारी त्याची स्वतःची समाधी, सतराव्या शतकातले फ्लेमिश भित्तिपट, देवदूत मारियेला येशूच्या जन्माची शुभवार्ता देतो ते एल ग्रेकोचे चित्र. पण वेळ द्यायचा तो दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे संत हुआन आणि संत कातालिना यांचे चॅपेल. हुआन फ्रान्सेसने घडवलेली लोखंडी जाळी ओलांडून आत गेले की मध्यभागी आई-वडिलांची समाधी आहे आणि भिंतीतल्या कमानीखाली त्यांचा मुलगा, मार्तिन वास्केस दे आर्से. सगळे स्पेन त्याला सिग्वेन्साचा दोन्सेल, म्हणजे उमदा तरुण, म्हणून ओळखते. ग्रानादाच्या मुस्लिम राज्याविरुद्धच्या युद्धात, १४८६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो मारला गेला. त्याचा भाऊ फर्नांदो, जो पुढे कॅनरी बेटांचा बिशप झाला, त्याने हे शिल्प करवून घेतले. ते सेबास्तियान दे अल्मोनासिदच्या कार्यशाळेचे काम मानले जाते. त्या काळातल्या समाधींवर मृत माणूस सहसा हात जोडून, डोळे मिटून उताणा पडलेला असतो. हा मात्र उजव्या कोपरावर रेलला आहे, कोपराखाली लॉरेलच्या फांद्यांची मोळी आहे, आणि दोन्ही हातांत उघडे जाडजूड पुस्तक धरून तो वाचतो आहे. अंगात चिलखत आहे, पण पाय एकमेकांवर टाकलेले आहेत. युद्धाला निघालेला माणूस असे पाय टाकत नाही. छातीवर सान्तियागो या योद्ध्यांच्या धर्मसंघाचा लाल क्रूस आहे आणि त्याचा रंग अजून टिकला आहे. पायथ्याशी एक लहानसा सेवक शिरस्त्राणावर रेलून रडतो आहे, त्याच्या शेजारी सिंह. अलाबास्टर या संगमरवरासारख्या दगडाचा पोत इतका मऊ आहे की गालाजवळ दगड त्वचेसारखा वाटतो.

मी या शिल्पासमोर उभा राहिलो तेव्हा मला सर्वांत जास्त खिळवले ते त्याच्या नजरेने. ती पुस्तकावर आहे असे दुरून वाटते. जवळ गेल्यावर वाटते, की तो नुकताच एका ओळीपाशी थांबला आहे आणि तिचा विचार करतो आहे. योद्ध्याची समाधी आणि वाचकाची समाधी एकाच दगडात कोरण्याचे धाडस ज्या शिल्पकाराने केले, त्याला मध्ययुग संपत आले आहे हे कळले होते. ज्या गावात हा तरुण पुरला गेला, त्या गावात त्याच्या मृत्यूच्या दहा वर्षे आधी, १४७६ मध्ये, हुआन लोपेस दे मेदिना या धर्माधिकाऱ्याने एक महाविद्यालय काढले होते आणि १४८९ मध्ये पोपच्या आज्ञेने त्याचे विद्यापीठ झाले. हे विद्यापीठ कधीच फार मोठे झाले नाही. सर्व्हांतेसने आपल्या कादंबरीत दॉन किहोतेच्या (डॉन क्विक्झोटच्या) गावातला पाद्री सिग्वेन्साचा पदवीधर असल्याचे सांगितले आहे ते थट्टेनेच. एकोणिसाव्या शतकात ते बंद पडले.

दुसरे ठिकाण म्हणजे सॅक्रिस्टी, पाद्र्यांची वस्त्रे आणि पूजेची भांडी ठेवण्याची खोली. वास्तुविशारद आलोन्सो दे कोवारुबियास याने १५३२ च्या सुमारास तिचा आराखडा केला. पिंपासारख्या अर्धगोल छताचा इंचन्‌इंच गोल पदकांनी भरला आहे आणि त्यांतून ३०० हून अधिक माणसांची मुंडकी खाली पाहतात. राजे, बिशप, भिक्षू, सैनिक, म्हातारे, तरुण स्त्रिया, दाढीवाले, बोडके. कोणाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. मान दुखेपर्यंत पाहावे, आणि जवळ छोटी दुर्बीण असेल तर ती सोबत न्यावी.

अठराव्या शतकाविषयी पारादोरमधल्या पाहुण्यांत फारसे बोलले जात नाही, पण मला ते शतक आवडते. हुआन दिआस दे ला गेर्रा या सुधारक बिशपाने कॅथीड्रलच्या खालच्या अंगाला सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची सान रोके ही वस्ती वसवली. त्याच्याच कारकिर्दीत बिशपांचे गावावरचे स्वामित्व संपुष्टात आले. त्याच्यानंतरच्या बिशप बेहारानो याने १८०४ मध्ये गरिबांना विसावा मिळावा आणि गावाला शोभा यावी म्हणून आलामेदा ही बाग केली. ती आजही गावाची दिवाणखान्यासारखी जागा आहे; उन्हाळ्याच्या संध्याकाळी अर्धे गाव तिथे येरझारा घालताना दिसते. तटाच्या आत राहणारी सत्ता तटाबाहेर येऊन लोकांसाठी झाडे लावते, हे दृश्य चार वर्षांनी सुरू झालेल्या फ्रेंच युद्धाने पुसून टाकले.

यादवी युद्धाची गोष्ट जाणून घेतल्याशिवाय या किल्ल्यात राहू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. जुलै १९३६ च्या अखेरीस गणराज्याच्या बाजूचे मिलिशिया, म्हणजे शस्त्र घेतलेले सामान्य नागरिक, गावात आले. त्याच दिवसांत बिशप एउस्ताकिओ निएतो यांची हत्या झाली. माद्रिदकडे जाणाऱ्या मार्गावरचे ठाणे म्हणून गणराज्याविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूला हे गाव हवेच होते. विमानांनी बॉम्ब टाकले, तोफा डागल्या, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाव पडले. शेकडो मिलिशिया आणि त्यांच्यासोबत बायका-मुले कॅथीड्रलमध्ये आसऱ्याला गेली. तिथे त्यांनी जवळजवळ आठवडाभर तग धरला. बाहेरून तोफांचा मारा चालू होता, आत अन्न आणि पाणी संपत होते. १५ ऑक्टोबरला उरलेल्यांनी शरणागती पत्करली. काहीजण त्याआधी रात्रीच्या अंधारात निसटले. त्यांत अर्जेंटिनाहून आलेली मिका एत्चेबेएरे होती, जिने नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या तुकडीचे नेतृत्व हाती घेतले होते. धर्मयुद्धासाठी बांधलेल्या भिंतींनी आठशे वर्षांनंतर पहिल्यांदा खरा वेढा सोसला, आणि आत अडकलेल्यांतले बरेचसे चर्चला शत्रू मानणारे होते. या विसंगतीवर मी बराच काळ विचार करीत राहिलो.

त्या माऱ्यात कॅथीड्रलच्या मध्यभागाचे छत कोसळले. १९४०च्या दशकात वास्तुविशारद आन्तोनिओ लाब्रादा याच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला, शिल्पकार फ्लोरेन्तिनो त्रापेरो याने फुटलेल्या शिल्पांवर काम केले, आणि कॅथीड्रलच्या क्रूसाकार आराखड्याच्या मध्यावर आधी कधीही नसलेला एक घुमटवजा उंच मनोरा चढवला गेला. दोन्सेल वाचला. बाहेरच्या दगडांवर गोळ्यांचे आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांचे वण मात्र तसेच ठेवलेले आहेत. मुख्य दर्शनी बाजूला, मनोऱ्यांच्या खालच्या भागात ते हाताच्या उंचीवर सापडतात. बोट फिरवले की खळग्याची कड अजून धारदार लागते. कॅथीड्रलचे छत १९४०च्या दशकातले, किल्ल्याच्या खोल्या १९७०च्या दशकातल्या, हे एकदा ध्यानात आले की 'अस्सल' आणि 'नवे' असा भेद इथे फार उपयोगाचा राहत नाही. पुनर्बांधणी हाही या गावाच्या इतिहासाचाच एक थर आहे, आणि पारादोर त्या थरात राहण्याची संधी देते. म्हणूनच नवे बांधकाम म्हणून या हॉटेलला कमी गुण देणारे अभिप्राय मला पटत नाहीत.

हे निवासस्थान सर्वांसाठी मात्र नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना किल्ला ते चौक ही रोजची चढ-उतार जाचेल. रस्ता दगडी फरसबंदीचा आहे आणि पावसात निसरडा होतो. अशांनी चौकाजवळ किंवा आलामेदाच्या बाजूला उतरावे आणि किल्ल्यावर फक्त कॉफीला जावे, बाहेरच्या पाहुण्यांनाही उपाहारगृह खुले असते. लहान मुलांना चौक आणि बुरूज आवडतात. रात्रीच्या वर्दळीची आवड असणाऱ्याला इथे करमणार नाही. मोटारीने येणाऱ्यांना किल्ल्यापाशी जागा मिळते, आणि मोटार असेल तर इमोनची मिठागरे, तटबंदीचे पालासुएलोस खेडे आणि पेलेग्रीनाजवळची रिओ दुल्से नदीची घळ हे सगळे अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात येते.

ज्यांना नाटकीपणा चालतो त्यांनी वसंतात किंवा शरदात माद्रिदहून शनिवारी सुटणारी मध्ययुगीन रेल्वे घ्यावी. डब्यांतून त्या काळचे पोशाख केलेले कलाकार फिरतात आणि गावात मार्गदर्शक वाट पाहत असतात. त्या दिवशी गाव भरलेले असते. मी सुचवेन तो मुक्काम रविवारी दुपारी सुरू होऊन मंगळवारी संपणारा. रविवारच्या जेवणानंतर माद्रिदचे लोक परततात, खोलीचे दर उतरतात आणि सोमवारी सकाळी काये मायोर जवळजवळ मोकळा मिळतो. कॅथीड्रलच्या वेळा ऋतूनुसार बदलतात आणि दुपारी मध्यंतर असते, तेव्हा त्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर विचारून ठेवाव्यात. खोली आरक्षित करताना गावाच्या बाजूची खिडकी मागावी. ती मिळेलच याची हमी नसते, पण आधी मागितलेली बरी.